आठवणी भरपूर, दप्तर कुठे?

बारामतीजवळच्या कन्हेरीत मारुतीपुढे नारळ फोडून प्रचाराला सुरुवात करायची, ही पवार घराण्याची रीत साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. निवडणूक लागली की कॅमेरे त्या देवळापर्यंत येतात आणि नारळ फुटला की परततात. इतिहास, आत्मचरित्र आणि राजकीय घडामोडींवरची मराठी पुस्तके सलग वाचली, तर आपल्या वैचारिक गद्याचेही बरेचसे असेच झाले आहे हे जाणवते. माणसाची आठवण मराठी फार चांगली सांगते. त्या आठवणीशी ताडून पाहायचे कालव्याचे, कारखान्याचे, सातबाऱ्याचे दप्तर मात्र मराठीत क्वचितच सोडले जाते.

शरद पवारांचे ‘लोक माझे सांगाती’ 2015 मध्ये आले. त्याची सुधारित आवृत्ती 2 मे 2023 रोजी मुंबईच्या यशवंतराव चव्हाण केंद्रात प्रकाशित झाली आणि त्याच समारंभात पवारांनी पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचे जाहीर केले. त्या गदारोळात पुस्तक मागे पडले, हे वाईट झाले. नव्या भागात 2019च्या सत्तास्थापनेबद्दल तिच्या सूत्रधाराचीच साक्ष आहे आणि ती मुळातून वाचायला हवी. पण साक्ष झाली म्हणजे तपास संपत नाही. त्याच नाट्यावर सुधीर सूर्यवंशींचे ‘चेकमेट’ आणि कमलेश सुतारांचे ‘36 डेज’ ही पुस्तके 2020 मध्ये आली. दोघेही महाराष्ट्राचे राजकारण जवळून पाहणारे पत्रकार. तरी दोन्ही पुस्तके आधी इंग्रजीत निघाली. नेत्याने सांगितलेले मराठीत आणि त्याची शहानिशा इंग्रजीत, अशी ही वाटणी आहे. आत्मचरित्र कुठे थांबते, हेही पाहावे. यशवंतराव चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’ (1984) हे मराठीतले एक नितळ आत्मकथन, पण ते 1946 पाशी येऊन थांबते. राज्याच्या पहिल्या मुख्यमंत्र्याने राज्य कसे उभे केले, हे त्यांच्या लेखणीतून उतरलेच नाही. ती उणीव इतिहासकाराने भरून काढायची असते. य. दि. फडके यांनी ‘विसाव्या शतकातील महाराष्ट्र’चे खंड लिहून तो भार एकट्याने उचलला. तशी चिकाटी पुढे अपवादानेच दिसली.

सर्वांत मोठी खंत नीरेच्या डाव्या कालव्याची. या कालव्याने बारामती आणि इंदापूरच्या दुष्काळी पट्ट्यात ऊस आणला, उसाने कारखाने आणले आणि कारखान्यांनी राजकारण घडवले. या पट्ट्यातल्या ऊसकरी गावावरचे ‘रेझिंग केन’ (1992) हे अत्यंत कसून केलेले पुस्तक डोनाल्ड ॲटवुड या कॅनडात शिकवणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञाने लिहिले. बागायतीमुळे मोठे शेतकरी आणखी मोठे होतात आणि लहान शेतकरी देशोधडीला लागतात, हा तेव्हाचा सरसकट समज. ॲटवुड यांनी एकेका कुटुंबाची जमीन पिढ्यांमागून पिढ्या तपासली. कितीतरी अल्पभूधारक वर चढले होते आणि कितीतरी मोठे खातेदार खाली आले होते. हा निष्कर्ष कुणाला पटो न पटो, तो खोडायचा तर कागद काढावे लागतात. सणसर, माळेगाव, सोमेश्वरच्या सभासदाला ज्यावर तावातावाने भांडता येईल असे हे पुस्तक त्याच्या भाषेत नाही, याचे दुःख वाटते.

यावर कुणी म्हणेल, आत्मकथनानेच मराठी गद्य मोठे झाले. त्याला कमी का लेखता? आक्षेप रास्त आहे. नीरा ओलांडली की फलटण लागते. तिथे बेबी कांबळे आपल्या लहानशा दुकानात बसून, घरच्यांपासून वह्या लपवत लिहीत होत्या. ते लिखाण वर्षानुवर्षे पडून राहिले आणि 1986 मध्ये ‘जिणं आमुचं’ या नावाने पुस्तकरूपात आले. सासरी छळ सोसवेना म्हणून पळालेल्या पोरीला परत आणून तिच्या पायात लाकडी खोडा अडकवत, हे त्या सांगतात. तो खोडा कसा होता, पाय कसा सोलवटायचा, इतक्या बारकाईने हे कुठल्या सरकारी अहवालात सापडणार? कांबळे यांची आठवण ‘मी’पाशी अडत नाही, ती अख्ख्या महारवाड्याचे दप्तर होते. म्हणून तर त्या कसोटीला बाकीची आत्मचरित्रे लावायची. जिथे लेखक फक्त स्वतःच्या वाटचालीचा हिशेब देतो, तिथे ती कमी पडतात.

दुसरा आक्षेप खपाचा. अशी पुस्तके घेणार कोण? मिलिंद बोकील यांनी गडचिरोलीतल्या एका आदिवासी गावावर ‘गोष्ट मेंढा गावाची’ लिहिली आणि ग्रामसभेचा कारभार सामान्य वाचकासमोर आणला. हेरंब कुलकर्णी गावोगाव फिरले आणि ‘दारिद्र्याची शोधयात्रा’ लिहिली. म्हणजे वाचक आहे. अडचण आहे ती आधाराची. कागद शोधण्यात वर्षे जातात, आणि त्या वर्षांत लेखकाने खायचे काय, हा प्रश्न विद्यापीठांनी आणि राज्याच्या साहित्य मंडळाने स्वतःचा मानायला हवा. डिसेंबर 2022 मध्ये कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला शासनाने पुरस्कार दिला आणि काही दिवसांतच काढून घेतला. पुस्तकाशी मतभेद असू शकतात. पण जाणकार समितीचा निर्णय असा एका आदेशाने फिरतो, तेव्हा पुढचा लेखक आधीच हात आखडतो.

उजनी धरणाचे पाणी ओसरले की इंदापूरच्या पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि वर्तमानपत्रांत त्याचे फोटो छापून येतात. देवळाभोवती कुणाची घरे होती, ती माणसे कुठे गेली, बदली जमीन कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, याची कागदपत्रे कचेऱ्यांत असतील. गाव पाण्याखाली गेले तो दिवस ज्यांना आठवतो अशी माणसेही अजून आहेत. दोन्ही एका पुस्तकात आणायचे, तर वेळ फार उरलेला नाही.