झुरळ नावाची प्रतिमा

आमचे थोर समीक्षक प्रतिमासृष्टीवर पानंच्या पानं लिहितात. आज मीही एका प्रतिमेवर लिहितो. झुरळ.

रवांडाच्या भाषेत 'इन्येन्झी'. १९६० च्या दशकात हा शब्द देशाबाहेर गेलेल्या तुत्सी बंडखोरांना लावला जायचा. १९९० साली निघालेल्या 'कांगुरा' या पत्रानं तो सगळ्याच तुत्सींना चिकटवला. मग जुलै १९९३ मध्ये आर.टी.एल.एम. हे खाजगी रेडिओ केंद्र सुरू झालं. झकास गाणी, गुत्त्यावरच्या गप्पांसारखी भाषा, थट्टामस्करी. लोक हसत हसत ऐकायचे. झुरळ दिसलं की माणूस विचार करतो का? चप्पल उचलतो. प्रतिमेचं काम एवढंच होतं.

एप्रिल १९९४ पासून शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. बहुतेक तुत्सी, आणि या कत्तलीला विरोध करणारे हुतूसुद्धा. रेडिओवरून माणसांची नावं, गाड्यांचे नंबर वाचले जात होते. खुनाला शब्द होता 'काम'. हे व्याकरण नीट बघा, दोस्तहो. माणसाचं झुरळ झालं की खुनाचं काम होतं.

आणि ही भाषा घडवणारे अडाणी गुंड होते म्हणता? केंद्राच्या संस्थापकांत फर्दिनांद नाहिमाना होता, इतिहासाचा प्राध्यापक! ३ डिसेंबर २००३ ला आरुषाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं त्याला, बारायाग्विझाला आणि 'कांगुरा'चा संपादक न्गेझे याला दोषी ठरवलं. पुरावा कसला? ध्वनिफितींचा, छापील अंकांचा. कुणीतरी ते जपून ठेवले म्हणून हे घडलं.

पण खरी मेख पुढंच आहे. २००७ च्या अपिलात न्यायाधीश म्हणाले, ६ एप्रिल १९९४ च्या आधीच्या प्रसारणांनी द्वेष पसरवला हे खरं, पण ती वंशसंहाराची थेट चिथावणी होती असं सिद्ध होत नाही. म्हणजे रक्त सांडायच्या आधीचे नऊ महिने त्या कलमात बसलेच नाहीत. कायद्याची ती मर्यादा असेल. पण आपण तिथंच थांबायचं काय? उलट त्या नऊ महिन्यांवरच आपला कान पाहिजे.

आपल्याला हे नवं नाही. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली, आणि पहिल्या काही बातम्यांत जातच नव्हती; 'अनैतिक संबंध' होते. रवांडात शब्द आधी आला आणि त्यानं वाट करून दिली. इथं तो नंतर आला आणि त्यानं मढं झाकलं. दोन्हीकडं माणूस गायब.

मी एक वही घातलीय. कात्रण, तारीख, शब्द. कोण बोललं, कुणाबद्दल बोललं, ज्याच्याबद्दल बोललं त्याला कुणी विचारलं का. नुसत्या शिव्या मी नोंदत नाही. शिवी कुणालाही ओळखू येते. मी विनोद नोंदतो. 'ही माणसं अशीच' म्हणून कुणी हसलं की तारीख टाकतो. आणि त्याच आठवड्यात संपादकाला पत्र लिहितो. वही कपाटात ठेवली तर ती फक्त पंचनाम्याच्या कामाची.

एकट्याच्या वहीनं भागायचं नाही. तुमच्या वस्तीत टीव्ही लागतो, पेपर येतो, मोबाईल वाजतो. तुमची वही कुठाय?