लिस्टचा राष्ट्रवाद आणि त्यातील वसाहती

फ्रीड्रिख लिस्टच्या १८४१ च्या राष्ट्रीय अर्थशास्त्रावरील ग्रंथाकडे आपले अभ्यासक संरक्षक जकातींचे समर्थन म्हणूनच पाहतात. इंग्लंडने जकातींच्या आश्रयाने कारखाने वाढविले आणि मग इतरांस खुल्या व्यापाराचा उपदेश केला, हे त्याचे प्रतिपादन मार्मिक आहे यात संशय नाही. परंतु त्याच ग्रंथात उष्ण कटिबंधातील देश कारखानदारीस अपात्र ठरविले आहेत. त्यांनी कच्चा माल द्यावा, समशीतोष्ण राष्ट्रांनी पक्का करावा! राष्ट्रवाद पुढे विकृत होऊन साम्राज्यवादी बनला, हे प्रचलित विवेचन येथे टिकत नाही. जर्मन राष्ट्राच्या उत्कर्षाच्या या योजनेत वसाहती प्रारंभापासूनच गृहीत आहेत.

विशेष हे की, हिंदी सुती व रेशमी कापडावर इंग्लंडने घातलेल्या बंदीचे वर्णन लिस्ट स्वतःच करतो. ज्याचा माल रोखण्यास कायदा करावा लागला, तो देश हवामानामुळे अपात्र कसा? या प्रश्नाकडे तो वळतच नाही.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात लिस्टचा आधार घेतला आणि कटिबंधांची ही वाटणी मात्र नाकारली. त्यांचा रोख इंग्रज अर्थशास्त्राकडे होता. पण तो आघात लिस्टवरही तितकाच बसतो.