सुट्टीपुरते मित्र

प्रेमकथा हल्ली गोष्टीवर खपत नाहीत, प्रकारावर खपतात. आधी शत्रू मग प्रियकर, आधी खोटं लग्न मग खरं प्रेम, आणि सगळ्यांत लाडका प्रकार म्हणजे आधी मित्र, मग प्रियकर. चेंबूरमधल्या कॉलेजच्या मुलीही एकमेकींना पुस्तक सुचवताना आधी प्रकार सांगतात, नाव मागाहून. शेवट पहिल्या पानावरच ठाऊक असतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ना. सी. फडक्यांनी 'प्रतिभासाधन' लिहून तंत्राचे धडे दिले, त्यालाही नव्वद वर्षं उलटून गेली. साचा असणं हा गुन्हा नव्हे. साच्यात काय ओतलं, ते पाहायचं.

या लाडक्या प्रकारातलं अलीकडचं एक गाजलेलं पुस्तक म्हणजे एमिली हेन्री यांची २०२१ सालची कादंबरी 'पीपल वी मीट ऑन व्हेकेशन'. पॉपी प्रवासाच्या मासिकात लिहिणारी, बडबडी. ॲलेक्स शाळामास्तर, घरकोंबडा. शिकागोच्या विद्यापीठात ओळख होते आणि मग दर उन्हाळ्यात दोघांची एक सहल ठरते. दोन वर्षांपूर्वी क्रोएशियात काहीतरी घडलं आणि बोलणं तुटलं. हे 'काहीतरी' लेखिका शेवटाजवळ येईपर्यंत मुठीत धरून ठेवते. मूठ उघडते तेव्हा निघतं एक चुंबन. डोंगर पोखरून उंदीर, हे एक वेळ चालेल. विनोदी कादंबरीत उंदरालाही जागा असते. पण वाचकाला उत्सुक ठेवायला माहिती लपवावी लागली, याचा अर्थ त्या दोघांच्या नात्यात तेवढा ताण नव्हता.

आणि तो नसणारच, कारण मैत्री दाखवली आहे ती जवळजवळ सगळी सुट्टीतली. सुट्टीत कुणाशीही पटतं. मैत्रीची परीक्षा हार्बर लाइनवर रोज तीच गाडी पकडताना होते, उसने पैसे परत मागताना होते, दुसऱ्याच्या आजारी आईचं तेच ते रडगाणं सलग चार महिने ऐकताना होते. हेन्रींचे संवाद चुरचुरीत आहेत, ते कबूल. पॉपीची थट्टा वाचताना हसू येतं. पण हजरजबाबीपणाची देवाणघेवाण दोन अनोळखी माणसांतही होऊ शकते. या प्रकारात अडसर एकच असतो: प्रेम फसलं तर मैत्रीही जाईल. त्या अडसराची भीती वाटायची असेल, तर ती मैत्री मोलाची आहे हे वाचकाला आधी पटायला हवं. बहुतेक कादंबऱ्यांना मैत्री हवी असते ती प्रेमाच्या दाराबाहेरची वेटिंग रूम म्हणून.

हे काही अमेरिकेचंच दुखणं नाही. चेंबूरच्याच आर. के. स्टुडिओच्या पाटीखाली १९६४ साली 'संगम' आला. राधा, सुंदर आणि गोपाल लहानपणापासूनचे मित्र. मग दोन मित्र आपापसांत त्यागाचा हिशेब करतात आणि तिसऱ्या मैत्रिणीला, म्हणजे राधेला, कुणी विचारतच नाही. 'कुछ कुछ होता है' (१९९८) मध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्या मैत्रिणीला प्रेमास पात्र ठरायला साडी नेसावी लागते. मैत्री टिकवून प्रेम, असा करार तिथे नाहीच; आधीची मुलगी गेल्याशिवाय नायिका येत नाही. मराठीत 'ती सध्या काय करते' (२०१७) या सतीश राजवाडेंच्या चित्रपटाचं शीर्षक घराघरांत विनोदाला पुरलं, पण त्यातही बालमैत्री आहे ती हळहळत आठवण्यापुरती.

गंमत अशी की मराठी साहित्यात स्त्री-पुरुष मैत्री उत्तम लिहिली गेली आहे, फक्त 'मग प्रियकर' हा भाग त्या लेखकांनी गृहीत धरला नाही. तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' (१९८१) मधला बापू मित्रा नावाच्या मुलीवर प्रेम करतो. तिचा ओढा स्त्रीकडे आहे हे कळल्यावरही तो तिच्या आसपास राहतो, चिडतो, तिची कामं करतो, कमी पडतो. मैत्रीला किती आणि कसलं भाडं भरावं लागतं, हे त्या नाटकात दिसतं. 'एकेक पान गळावया'पासून गौरी देशपांडेंच्या नायिका पुरुषाकडून आधी बरोबरीचं बोलणं मागतात, आणि ते नसेल तर बाकीच्यालाही फारशी किंमत देत नाहीत. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'त (२००४) जोशी आणि शिरोडकर यांच्या वाट्याला बोलायचे प्रसंग मोजकेच येतात. म्हणून प्रत्येक प्रसंगाला वजन आहे. हे वाचलेल्या माणसाला पॉपी-ॲलेक्सच्या दहा उन्हाळ्यांनी पोट भरत नाही.

खरं तर या प्रकाराला लागणारा कच्चा माल आपल्याकडे रग्गड आहे. फाळणीनंतर वसलेल्या चेंबूर कॅम्पातले सिंधी, जुनी तमिळ कुटुंबं, टिळक नगरच्या वसाहतीतले मराठी, सिद्धार्थ कॉलनीतले बौद्ध, ही सगळी मुलं एकाच क्लासला जातात, एकाच टपरीवर चहा पितात. मैत्रीला इथे कुणी आडनाव विचारत नाही. घरी येऊन जेवलं तरी आई आग्रहाने वाढते. प्रेम म्हटलं की तीच आई आडनावापाशी थांबते. म्हणजे मित्राचा प्रियकर होताना नुसती मैत्री पणाला लागत नाही. ज्या घरात वर्षानुवर्षं हक्काने फ्रिज उघडला, ते घरही जातं. अमेरिकन लेखिकेला क्रोएशियाचं गुपित रचावं लागतं. इथे ते रोज जेवणाच्या ताटासमोर बसलेलं असतं, आणि त्या आईचीही बाजू असते, तिच्या भीतीचीही. तिला खलनायिका न करता ही गोष्ट सांगणारी प्रेमकथा मराठीत माझ्या वाचनात नाही. 'सैराट'ने (२०१६) जातीची किंमत दाखवली, पण आर्ची आणि परश्या आधी मित्र नव्हते. शहरी मराठी प्रेमकथा तर बहुधा दोन्हीकडची घरं एकाच धाटणीची ठेवून आईवर तो प्रसंगच येऊ देत नाहीत.