तारू, जलसमाधी आणि बुडालेली माणसे : दोन महायुद्धांदरम्यानच्या मराठी सागरकवितेचे पुनर्वाचन

प्रस्तावना

खटाव तालुक्यातील औंध आणि परिसर हा पर्जन्यछायेचा प्रदेश. येथील विद्यार्थ्यांना पाणी माहीत असते ते टँकरचे, विहिरीचे आणि तळ्याचे. पदवीच्या वर्गात कुसुमाग्रजांची 'कोलंबसाचे गर्वगीत' ही कविता शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, बोटीत अजून कोण कोण होतं?" वर्ग हसला. प्रस्तुत लेखकाने ठरावीक उत्तर दिले की, कवितेतील जहाज हे प्रतीक आहे, त्यात प्रवाशांची मोजणी अभिप्रेत नाही. उत्तर चुकीचे नव्हते, परंतु पुरेसेही नव्हते. ज्या काळात मराठी कवितेत जहाज हे मानवी जिद्दीचे प्रतीक म्हणून स्थिरावत होते, त्याच काळात कोकण किनाऱ्यावर खऱ्या बोटी खऱ्या माणसांसह बुडत होत्या. या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध आहे, याचा विचार आपल्या समीक्षेने फारसा केलेला दिसत नाही. तो करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. दुर्घटनांची पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणच्या माणसाला मुंबईशी जोडणारा मुख्य मार्ग समुद्राचा होता. घाटरस्ते अवघड होते आणि कोकणात रेल्वे नव्हती. चाकरमानी, गिरणी कामगार, बाळंतपणासाठी माहेरी निघालेल्या स्त्रिया, शाळेसाठी मुंबईस जाणारी मुले असे सारे आगबोटीने प्रवास करीत. या वाहतुकीवर युरोपीय भांडवलाच्या कंपनीचे वर्चस्व होते. त्याला उत्तर म्हणून देशी भांडवलावर इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. लोकांनी तिला 'माझी आगबोट कंपनी' असे आपलेपणाचे नाव दिले. तिच्या काही बोटींना संतांची नावे होती.

११ नोव्हेंबर १९२७ रोजी या कंपनीच्या 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. पुढे १९३६ मध्ये इंग्लंडमधील स्वॉन हंटर या नामवंत गोदीत बांधलेली 'रामदास' बोट या ताफ्यात दाखल झाली. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या सुमारास, सकाळी आठच्या आसपास ती भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि तासाभराच्या आत काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नसल्याने एवढ्या जवळची वार्ता मुंबईस कळण्यास कित्येक तास गेले. जे वाचले, त्यांतील अनेकांना मचव्यांतून आलेल्या कोळी बांधवांनी बाहेर काढले. स्वातंत्र्य तेव्हा एका महिन्याच्याही आत येऊन ठेपले होते.

१९२७ आणि १९४७ या दोन टोकांच्या मधली वीस वर्षे हीच मराठीतील 'रविकिरण'नंतरच्या कवितेची, ध्येयवादी कादंबरीची आणि नव्या नियतकालिकांची वर्षे आहेत, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

२. तारू : संतपरंपरेचा वारसा

मराठी भाषेत जहाजाचे पहिले मोठे साहित्यिक रूप आध्यात्मिक आहे. संसार हा भवसागर, नाम हे तारू, सद्गुरू हा नावाडी आणि मोक्ष हा पैलतीर, ही रूपकव्यवस्था वारकरी आणि समर्थ या दोन्ही परंपरांनी लोकमानसात रुजविली. 'तरणे' आणि 'तारणे' ही क्रियापदे शब्दशः पाण्याची, पण मराठी माणूस ती प्रामुख्याने दैवाविषयी व देवाविषयी वापरतो. 'बुडणे' या क्रियापदाचीही तीच गत आहे. धंदा बुडतो, कर्ज बुडते, शाळा बुडते, कुळाचे नाव बुडते. बुडण्याच्या इतक्या छटा असलेल्या भाषेत माणसाचे पाण्यात बुडणे हा त्या क्रियापदाचा मूळ अर्थच काहीसा मागे पडला आहे.

बोटींना 'तुकाराम' आणि 'रामदास' ही नावे देण्यामागे ही रूपकव्यवस्थाच उभी आहे. ज्या संताची गाथा इंद्रायणीने तारली अशी लोकश्रद्धा आहे, त्याच्या नावाच्या बोटीत प्रवासी विश्वासाने पाय ठेवीत. सज्जनगडाच्या पायथ्याशी वाढलेल्या आम्हा सातारकरांना दुसऱ्या नावाचा आधार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. यातील उपरोध सहज हाती लागणारा आहे. म्हणूनच तो टाळावयास हवा. नाव ठेवणाऱ्यांची श्रद्धा खोटी नव्हती. प्रश्न असा आहे की, रूपकाने दिलेल्या आश्वासनामुळे बोटीची क्षमता, हवामान, सुरक्षेची साधने या ऐहिक गोष्टींविषयी प्रश्न विचारण्याची भाषा आपल्याकडे उशिरा घडली काय?

३. 'जलसमाधी' या शब्दाची चिकित्सा

बोट बुडाल्यावर मराठी वृत्तपत्रे 'बोटीला जलसमाधी मिळाली' असे लिहितात. हा शब्दप्रयोग आजही रूढ आहे. समाधी ही घेतली जाते. ती घेणारा योगी असतो, त्याचा काळ त्याने निवडलेला असतो, आणि त्याच्या मागे शोकाऐवजी पूज्यभाव उरतो. शरयूत जलसमाधी घेणारा राम आणि बोटीच्या खालच्या भागात पाणी शिरल्याने दाराशी चेंगरलेला प्रवासी यांच्यासाठी एकच शब्द वापरला की दोन गोष्टी घडतात. मृत्यूला न मागितलेले पावित्र्य चिकटते, आणि कर्ता नाहीसा होतो. समाधी 'मिळाली' म्हटल्यावर ती कोणामुळे मिळाली, हा प्रश्न व्याकरणातच उरत नाही.

येथे गुजराती परंपरेशी तुलना उद्बोधक ठरते. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघालेली 'वैतरणा' ही आगबोट सौराष्ट्रच्या किनाऱ्याजवळ नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला 'वीजळी' म्हणत. गुजराती लोकगीतांनी ही बोट आणि तिचा कप्तान हाजी कासम यांची आठवण पिढ्यानपिढ्या टिकविली. त्या गीतांत समाधी नाही, शोक आहे. ज्यांची माणसे गेली, त्यांच्या मुखातून ती उमटली. मराठीत 'रामदास' दुर्घटनेची आठवण अलिबाग, रेवस, गिरगाव व परळ येथील कुटुंबांत जिवंत राहिली, परंतु आपल्या अभ्यासक्रमांत व काव्यसंग्रहांत जी 'सागरकविता' म्हणून येते, तिच्यात या स्मृतीला स्थान नाही.

४. 'कोलंबसाचे गर्वगीत' : एक फेरवाचन

'विशाखा' हा कुसुमाग्रजांचा संग्रह १९४२ मध्ये वि. स. खांडेकर यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. खांडेकर स्वतः १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या किनाऱ्यावर शिक्षक होते. त्यामुळे या संग्रहाचा पहिला मोठा वाचक समुद्र जवळून पाहिलेला होता, असे म्हणता येईल.

'गर्वगीता'तील नाविक खवळलेल्या समुद्राला आव्हान देतो. समुद्र अफाट असला तरी त्याला किनारा आहे, माणसाच्या ध्येयाला मात्र नाही, हा या कवितेचा गाभा. पारतंत्र्याच्या काळात वाचकांनी त्यात साम्राज्यसत्तेला दिलेले आव्हान वाचले, आणि ते वाचन योग्यच होते. कवितेने न निवडलेल्या विषयासाठी तिला दोष देणे हा समीक्षेचा अन्याय ठरेल. तथापि, तिच्यातील तीन बाबी लक्षपूर्वक पाहावयास हव्यात.

पहिली बाब अशी की, या जहाजावर प्रवासी नाही. जे आहेत ते सारे खलाशी, म्हणजे धोका पत्करलेले. भाडे भरून डेकवर गाठोड्यावर बसलेल्या माणसाने कोणताही धोका पत्करलेला नसतो. त्याने तिकीट काढलेले असते.

दुसरी बाब घराविषयीची आहे. कवितेतील नाविकाला घरदार ही वाट अडविणारी गोष्ट वाटते आणि ती ओलांडण्यात त्याचा पराक्रम आहे. 'रामदास'मधील बहुसंख्य प्रवासी सणासुदीच्या दिवसांत घराकडेच निघाले होते. त्यांच्या लेखी घर हेच गंतव्य होते.

तिसरी बाब अधिक गंभीर आहे. नाविक स्वतःला असंख्य सामान्यांपासून, जे केवळ जगतात आणि मरून जातात त्यांच्यापासून, वेगळा काढतो. ध्येयवादी कवितेला अशी विभागणी लागतेच. पण कवितेने ज्यांना पार्श्वभूमीत ढकलले, तेच तर कोकणच्या बोटींतले लोक होते. किनाऱ्याचेही तसेच. कवितेत किनारा ही समुद्राची मर्यादा, जवळजवळ त्याची नामुष्की. काशाच्या खडकाजवळ मात्र किनारा म्हणजे जीव होता, आणि तो दृष्टीच्या टप्प्यात असूनही बहुतेकांना गाठता आला नाही.

पाश्चात्त्य साहित्यातही ही अडचण आढळते. १८८० मध्ये 'जेद्दा' हे यात्रेकरूंचे जहाज बुडेल या भीतीने त्यावरील गोरे अधिकारी सुमारे हजार यात्रेकरूंना टाकून निघून गेले. जहाज मात्र बुडाले नाही. जोसेफ कॉनरॅड यांनी त्यावरून 'लॉर्ड जिम' (१९००) ही थोर कादंबरी लिहिली. परंतु तिचा विषय पळालेल्या अधिकाऱ्याची प्रतिष्ठा हा आहे. यात्रेकरू समूहरूपानेच राहतात. 'टायटॅनिक'वर (१९१२) थॉमस हार्डी यांनी लिहिलेल्या कवितेत जहाजाचा डौल व हिमनगाचे विधिलिखित आहे, बुडालेली माणसे जवळजवळ नाहीत. म्हणजे हा केवळ मराठीचा दोष नव्हे. नायक शोधणारी दृष्टी प्रवाशापर्यंत पोहोचत नाही, हे त्यामागील सामान्य तत्त्व आहे.

५. पठारावरील वाचनसंस्कृती

या काळातील मराठी वाचकाची अभिरुची घडविणारी केंद्रे प्रामुख्याने घाटावर होती. औंध संस्थानच्या हद्दीत कुंडलजवळ वसलेल्या किर्लोस्करवाडीहून शं. वा. किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली 'किर्लोस्कर', 'स्त्री' (१९३०) व 'मनोहर' (१९३४) ही मासिके निघत. यंत्रयुग, विज्ञाननिष्ठा व स्त्रीजीवन यांविषयीचे नवे विचार त्यांनी खेडोपाडी पोहोचविले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंधही याच काळात 'किर्लोस्कर'मधून आले. दैववादावर एवढा विचार होत असताना आगबोटीचा प्रवास दैवाकडून यंत्राकडे व जबाबदारीकडे आणणारी भाषा येथे सिद्ध होती, एवढे निश्चित म्हणता येते. ललित साहित्याने तिचा उपयोग पुरेसा केला नाही.

कंपनी देशी होती, हेही एक कारण असू शकेल. परक्याच्या चुकीवर लिहिणे सोपे असते. 'माझी' म्हटलेल्या गोष्टीच्या चुकीवर लिहिताना लेखणी अडखळते. हे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु अभ्यासकांनी ते तपासून पाहावे.

घाट आणि किनारा यांना जोडणारा दुवा मात्र आपल्याजवळच आहे. पालगडचे साने गुरुजी शालेय वयात काही काळ औंध येथे शिकले. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिलेल्या 'श्यामची आई'च्या जगात हर्णै बंदर आणि मुंबईची आगबोट या नित्याच्या गोष्टी आहेत. तेथे समुद्र प्रतीक नाही, तो रस्ता आहे. बोटीने आईकडे जाता येते, एवढेच त्याचे महत्त्व. विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ध्येयवादी कवितेपेक्षा या साध्या गद्यात अधिक सापडते.

६. नवकविता आणि खुली झालेली शक्यता

'रामदास' बुडाली त्याच १९४७ साली बा. सी. मर्ढेकर यांचा 'काही कविता' हा संग्रह आला. पिंपातील मेलेल्या उंदरांच्या प्रतिमेतून त्यांनी सामुदायिक, निनावी, पाण्यातील मरणाची भाषा मराठीला दिली. त्या कवितेचा बोटीशी संबंध नाही आणि तसा जोडूही नये. परंतु नायकाविना, समाधीविना, पैलतीराविना मरण लिहिता येते, हे त्यातून सिद्ध झाले. त्यामुळे भाषेची असमर्थता हे कारण त्यानंतर पुढे करता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील मुद्दे मांडता येतात. (१) दोन महायुद्धांदरम्यानच्या मराठी सागरकवितेत जहाज हे मोक्षाचे वा ध्येयाचे वाहन आहे. प्रवाशांचे वाहन म्हणून ते क्वचितच येते. (२) 'जलसमाधी'सारखे शब्द दुर्घटनेतील जबाबदारी झाकतात. त्यांचा वापर अध्यापकांनी व पत्रकारांनी सोडून द्यावा. साधे 'बुडाले' पुरेसे आहे. (३) 'कोलंबसाचे गर्वगीत' अभ्यासक्रमात राहावी, मात्र तिच्यासोबत कोकणच्या बोटींचा इतिहास आणि 'श्यामची आई'तील प्रवास एकत्र शिकविला जावा.

या वर्षी तीच कविता शिकविण्यापूर्वी प्रस्तुत लेखकाने फळ्यावर तीन बोटींची नावे आणि दोन तारखा लिहिल्या. वर्गातील अनेकांचे वडील किंवा काका मुंबईत माथाडी कामगार आहेत, रात्रीच्या एस. टी.ने सणाला गावी येणारी माणसे त्यांनी पाहिली आहेत. बोटीत कोण होते, हे मग सांगावे लागले नाही. कविता त्यांना तेव्हाही आवडली. परंतु या वेळी त्यांनी तिला प्रश्न विचारले, आणि चांगली कविता प्रश्नांनी लहान होत नाही, हे त्यांच्या शिक्षकालाही नव्याने कळले.