आर्किमिडीजचे आरसे आणि दूरचित्रवाणीचा निकाल

अपारंपरिक ऊर्जेच्या विषयात सौर संकेंद्रक शिकवताना मी बरीच वर्षे आर्किमिडीजची गोष्ट सांगत असे. रोमन आरमार सिराक्यूजवर चालून आले, म्हाताऱ्या आर्किमिडीजने तटावर आरसे लावले, सूर्याचे किरण एकवटले आणि जहाजे जळून गेली. मुले खूश होत, मीही खूश होई. एका वर्षी मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे मिथबस्टर्सवाल्यांनी खोटं ठरवलंय." मी लगेच म्हणालो, "पण एमआयटीच्या मुलांनी करून दाखवलंय की!" वर्ग हसला, तास संपला. घरी जाताना लक्षात आले की त्या मुलाने एका कार्यक्रमाचा हवाला दिला, मी दुसऱ्या प्रयोगाचा दिला, आणि इ.स.पू. २१३ मध्ये सिराक्यूजला खरोखर काय घडले याबद्दल आम्ही दोघेही अवाक्षर बोललो नव्हतो.

हे टिपण त्या राहून गेलेल्या भागाबद्दल आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी इतिहासातल्या दंतकथा तपासणारे माहितीपट पाहिले असतील. मलाही ते आवडतात. पण त्यांचा निकाल आपण कशाचा निकाल म्हणून घेतो, हे एकदा नीट पाहायला हवे.

'मिथबस्टर्स' हा डिस्कव्हरी वाहिनीवरचा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला. जेमी हाइनमन आणि अ‍ॅडम सॅव्हेज हे त्याचे सूत्रधार. दोघेही चित्रपटांसाठी यंत्रे, प्रतिकृती आणि विशेष दृश्ये तयार करण्याच्या धंद्यातले, म्हणजे हाताने काम करणारे लोक. प्रत्येक भागाच्या शेवटी तीनपैकी एक शिक्का बसतो: खरे, शक्य आहे, किंवा खोटे. आर्किमिडीजचे आरसे या कार्यक्रमात तीनदा आले, २००४, २००६ आणि २०१० मध्ये. शेवटच्या वेळी तर अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनीच पुन्हा तपासा असा आग्रह धरला होता. तिन्ही वेळा शिक्का तोच बसला: खोटे.

दुसऱ्या बाजूलाही प्रयोगांची रांग आहे. १७४७ मध्ये फ्रान्सच्या ब्यूफाँने १६८ लहान सपाट आरशांची चौकट उभारून सुमारे १५० फुटांवरचे लाकूड पेटवले. १९७३ मध्ये ग्रीक अभियंता योआनिस साक्कास याने अथेन्सजवळच्या नौदल तळावर ७० मोठे आरसे माणसांच्या हाती दिले आणि साधारण ५० मीटरवरची प्लायवूडची नाव पेटवली. तिला डांबरी रंग होता, हे सांगायला लोक विसरतात. २००५ मध्ये एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी एक फूट बाजूचे १२७ आरसे वापरून सुमारे ३० मीटरवरच्या लाकडी प्रतिकृतीतून ज्वाळा काढल्या. त्याच चमूला मिथबस्टर्सने सॅन फ्रान्सिस्कोला बोलावले. तिथे खरी जुनी मासेमारी बोट पाण्यावर होती. लाकूड काळवंडले, धूर निघाला, आणि अंतर कमी केल्यावर कुठे थोडीशी ज्वाळा दिसली.

एका ठिकाणी पेटते आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असे का? इथे थोडा वेळ थांबू, कारण हा भाग आपल्या विषयाचा आहे आणि कार्यक्रमात तो धुरामागे लपून जातो.

सूर्य हा बिंदू नाही. आकाशात तो साधारण अर्धा अंश रुंद दिसतो. म्हणजे तो स्वतःच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट दूर आहे. आता तुम्ही जहाजावर उभे आहात आणि तटावरच्या एका सपाट आरशाकडे पाहत आहात अशी कल्पना करा. आरसा पुरेसा मोठा किंवा पुरेसा जवळ असेल, तर त्यात तुम्हाला अख्खे सूर्यबिंब दिसेल, म्हणजे जणू आणखी एक सूर्य तुमच्यावर तळपतो आहे. आरसा लांब गेला की तो सूर्यबिंबापेक्षा लहान दिसू लागतो आणि सूर्याचा फक्त एक तुकडा त्यात मावतो. ही सीमा आरशाच्या रुंदीच्या १०७ पट अंतरावर येते. एक फुटाच्या आरशासाठी ती ३२-३३ मीटर. एमआयटीचा प्रयोग ३० मीटरवर होता, म्हणजे सीमेच्या जरा आत! तेवढ्या अंतरावर प्रत्येक आरसा जवळजवळ पूर्ण सूर्याइतकी उष्णता देऊ शकतो. अंतर दुप्पट केले की त्याच आरशात सूर्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग मावतो, आणि पुढे ही घट अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात होत जाते. साक्कासचे आरसे साधारण दीड मीटर लांब आणि जवळपास एक मीटर रुंद होते, म्हणून ५० मीटर त्याला जड गेले नाहीत.

मग आर्किमिडीजनेही मोठे आरसे केले असतील, असे म्हणाल. पण आरसा पाव अंश कलला तर परावर्तित झोत अर्धा अंश वळतो, म्हणजे डाग आपल्या जागेवरून एका पूर्ण सूर्यबिंबाइतका सरकतो. घासून चकचकीत केलेल्या काशाच्या मोठ्या पत्र्याचा सपाटपणा इतका राखणे, शेकडो माणसांनी ते पत्रे एकाच ठिकाणी रोखून धरणे, आणि समोरचे जहाज लाटांवर हलत असणे, हे सगळे एकत्र घ्या. शिवाय सिराक्यूजच्या समोरचा समुद्र पूर्वेला आहे, तेव्हा समोरून येणाऱ्या जहाजांवर आरशांचा मारा सकाळीच जमणार. (१०७ पटीचा हिशेब गच्चीवर स्वतः पाहता येतो. आरशावर कागद चिकटवून त्याला दोन सेंटिमीटरची चौकोनी खिडकी ठेवा आणि डाग दहा मीटरवरच्या सावलीतल्या भिंतीवर पाडा. खिडकी चौकोनी, पण डाग गोल दिसेल. ती सूर्याची प्रतिमा आहे. झोत कोणाच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नका.)

इतके झाल्यावर सिद्ध काय झाले? काही परिस्थितीत हे शक्य आहे, लढाईच्या परिस्थितीत फार अवघड आहे. अभियंत्याला हे उत्तर पुरते. पण 'खोटे' हा शिक्का याहून मोठे विधान करतो. तो सांगतो की हे घडले नाही. आणि ते या प्रयोगांतून निघत नाही. अवघड गोष्टी इतिहासात घडलेल्या आहेत, सोप्या गोष्टी कोणाला सुचल्याच नाहीत असेही घडलेले आहे. साक्कासची नाव पेटली म्हणून आर्किमिडीजने जहाजे पेटवली असे ठरत नाही, तसेच बोट पेटली नाही म्हणून त्याने ती पेटवली नाहीत असेही ठरत नाही. वर्गात मी नेमकी हीच चूक केली होती, फक्त उलट्या बाजूने.

घडले की नाही हे ठरवायला दुसरी पायवाट आहे, आणि तिच्यावर कॅमेऱ्याला दाखवण्यासारखे फारसे काही नसते. ही गोष्ट पहिल्यांदा कोणी लिहिली, आणि घटनेनंतर किती वर्षांनी?

सिराक्यूजच्या वेढ्याचे सर्वांत जवळचे वर्णन पॉलिबियसचे आहे. वेढ्यानंतर दहा-बारा वर्षांनी जन्मलेला हा ग्रीक इतिहासकार स्वतः युद्धशास्त्राचा जाणकार होता. साठ मोठी रोमन जहाजे तटाकडे आली, तेव्हा आर्किमिडीजने लांब, मध्यम आणि जवळच्या पल्ल्याची वेगवेगळी फेकयंत्रे तयार ठेवली होती, तटाला खालच्या बाजूस भोके पाडून आतून बाण सोडण्याची सोय केली होती, जहाजांवर बांधून आणलेल्या शिड्यांवर तुळयांवरून जड दगड टाकले जात होते, हे तो चवीने सांगतो. आरसे नाहीत. त्याच्यानंतरचा लिव्ही, ज्याने पॉलिबियसचा आधार घेतला, तोही आरशांबद्दल गप्प. प्लुटार्कला तर नाट्यमय प्रसंगांची भारी हौस, तोही गप्प. जहाजे जाळल्याचा उल्लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लूशियन आणि गेलेन यांच्याकडे येतो, म्हणजे वेढ्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी, आणि तिथेही आरशांचे स्पष्ट वर्णन नाही. आरसे ठळकपणे येतात ते सहाव्या शतकात, अँथेमियसच्या लिखाणात. हा कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाचा एक रचनाकार. एका वक्र आरशाने हे साधणार नाही, अनेक सपाट आरसे लागतील, असा हिशेब त्याने मांडला. पुढे बाराव्या शतकात झोनारास आणि त्सेत्सेस यांनी गोष्टीत रंग भरले. आपण पाठ्यपुस्तकांत पाहतो ते चित्र या शेवटच्या थराचे आहे.

मौन हा पुरावा जपून वापरावा. पॉलिबियसचा तो ग्रंथखंड आपल्यापर्यंत उताऱ्यांच्या रूपातच पोचला आहे. पण जो लेखक भिंतीतल्या भोकांचीही नोंद करतो, तो सूर्यकिरणांनी आरमार जाळल्याचे विसरेल, आणि त्याच्यावर विसंबणारे पुढचे दोघेही विसरतील, हे मला पटत नाही. माझ्या मते आरशांची गोष्ट खोटी आहे. म्हणजे निकाल मिथबस्टर्सचाच. पण तो जुन्या पोथ्यांच्या तारखांवर उभा आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या बोटीवर नाही. उद्या कोणी आणखी चांगले आरसे बनवून बोट पेटवली, तर बोटीवर उभा असलेला निकाल कोसळेल आणि तारखांवरचा तसाच राहील.

हा फरक अधिक स्वच्छ दिसतो तो त्याच वेढ्यातल्या दुसऱ्या यंत्रात. तटावरून एक तुळई बाहेर येई, तिच्या टोकाला साखळीने लोखंडी पंजा बांधलेला असे. तो जहाजाच्या नाळेत अडकवून नाळ वर उचलत, जहाज शेपटीवर उभे राहिले की पंजा सोडून देत. ऐकायला हे आरशांपेक्षाही अचाट वाटते. पण हे पॉलिबियसने लिहिले आहे. २००५ च्या 'सुपरवेपन्स ऑफ द एन्शंट वर्ल्ड' या माहितीपटात असे यंत्र उभारून पाहिले, आणि ते चालते असे आढळले. यात नवल नाही. अख्खे जहाज उचलायचेच नसते, एक टोक उचलले की बाकीचा भार पाणी सांभाळते, आणि वल्ह्यांची भोके पाण्याच्या जवळ असलेल्या जहाजाला थोडा तिरपेपणाही पुरतो. इथे माहितीपटाने खरे काम केले. पॉलिबियसचे म्हणणे आपल्याकडे आधीच होते, शंका एवढीच होती की तो फुगवून सांगतो आहे का. प्रयोगाने ती शंका कमी केली. साक्षीदाराची उलटतपासणी करायला प्रयोग उत्तम आहे. मुळात साक्षीदारच नसेल, तर तो कोणाची तपासणी करणार?

मिथबस्टर्सवर माझा राग नाही. अपयश कॅमेऱ्यासमोर दाखवणारे असे कार्यक्रम थोडेच. २०१० च्या भागात बोटीवर उभ्या असलेल्या जेमीला झळाळीने समोरचे काही दिसेना, तेव्हा आरशांचा उपयोग डोळे दिपवायला झाला असेल, असे तो म्हणाला. हा सुरेख अंदाज आहे. पण पुन्हा, कोणत्याही प्राचीन लेखकाच्या आधाराविना. माझी तक्रार त्या तीन शिक्क्यांवर आहे. 'शक्य आहे' हा एकच शिक्का प्रयोगाला झेपण्यासारखा. उरलेले दोन इतिहासाचे आहेत आणि ते कार्यशाळेत मारले जातात. यापेक्षा फार वाईट प्रकारही आहेत. हिस्टरी वाहिनीवरच्या 'एन्शंट एलियन्स'मध्ये तर शिक्काही नसतो. "असे तर नसेल ना?" असा प्रश्न निवेदक टाकतो आणि पुढे जातो. प्रश्नाला खोटे ठरवता येत नाही, ही त्यातली चलाखी.

आपल्याकडेही दोन्ही पायवाटा एकाच कामात चालून गेलेले लोक आहेत. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाची चिकित्सा प्रसिद्ध केली. भरद्वाज ऋषींचा म्हणून सांगितला जाणारा हा ग्रंथ. त्यांनी त्यातल्या विमानांचे आकार, वजने आणि यंत्रणा वायुगतिशास्त्राच्या कसोटीला लावल्या आणि ती उडू शकत नाहीत असे दाखवले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. ग्रंथाचे संस्कृत कोणत्या काळाचे आहे, तो कोणी, कधी सांगितला, याचा माग त्यांनी काढला आणि तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आधीचा नाही असे ठरवले. लेख छोटा आहे, मिळवून वाचा. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याची गोष्ट मराठी घरांत अभिमानाने सांगतात. २०१५ मध्ये तिच्यावर 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपटही आला. तिच्याबाबत तर विमानाची प्रतिकृती बनवण्याआधी त्या वर्षीची वर्तमानपत्रे उघडावी लागतील.

या वर्षी सौर संकेंद्रकाच्या तासाला मी सुरुवात लोखंडी पंजापासून केली. मग पॉलिबियस, मग तारखा फळ्यावर, मग १०७ पटीचा हिशेब, आणि शेवटी मिथबस्टर्सची फीत, शिक्का बसण्याच्या आधी थांबवलेली. आरशांपर्यंत पोचायला दोन तास गेले. अभ्यासक्रम तेवढा मागे राहिला आहे, तो शनिवारी जादा तास घेऊन भरून काढतो आहे.