वऱ्हाडातील शेतकरी-आत्महत्या : संशोधनाची एक मर्यादा

वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा प्रश्न मानसशास्त्र, सामाजिक इतिहास आणि नीतिशास्त्र या तिन्ही शास्त्रांच्या कक्षेत येतो. तथापि आजवरच्या संशोधनात ही शास्त्रे एकमेकांची क्वचितच दखल घेतात. ही उणीव केवळ पद्धतीची नव्हे. तिचे परिणाम मृताच्या कुटुंबाला भोगावे लागतात.

इतिहासाची बाजू लक्ष्मण सत्या यांच्या ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ (१९९७) या ग्रंथात भक्कमपणे मांडलेली आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढे रेल्वे आली, कापसाचा पेरा वाढला, चराईची राने आटली आणि कास्तकार सावकाराच्या वहीत अडकला. दुष्काळाची मुळे पावसाच्या अभावाइतकीच या स्थित्यंतरातही शोधावी लागतात. परंतु सारे गाव कर्जात असता एखादाच का खचतो, याचे उत्तर अशा इतिहासापाशी नाही.

ते मानसशास्त्र शोधते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ उपक्रमाचा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झाला. नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे यश निश्चितच मोलाचे आहे. मात्र सावरलेल्या मनापुढे पुढील हंगामाचे कर्ज तसेच उभे असते. ते या मापनाच्या चौकटीत येत नाही.

खरा पेच नीतीचा आहे. शासकीय साहाय्यासाठी मृत्यू ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरविताना जमीन, मान्य संस्थेचे वा परवानाधारक सावकाराचे थकीत कर्ज आणि वसुलीचा तगादा पाहिला जातो. जणू आजार आणि कर्ज ही परस्परांना वगळणारी कारणे होत! वस्तुतः कर्ज मनाला पोखरते आणि खचलेले मन कर्ज वाढविते. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गृहीत धरतो. जिवंताला मिळालेली ही सहानुभूती मृताच्या कुटुंबाच्या वाट्याला येत नाही. ‘पात्र’ प्रकरणांचे आकडे आधारभूत मानणारा अभ्यासक प्रशासनाचा निवाडाच शास्त्र म्हणून स्वीकारतो.

अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ चे, अमरावतीचे विद्यापीठ १९८३ चे. पिकाचा हिशेब एकाकडे आणि मनाचा व समाजाचा अभ्यास दुसऱ्याकडे, अशी वाटणी चालू राहिली तर कारण सापडणार नाही. एकाच गावाचे कर्ज, मन आणि इतिहास एकत्र वाचणे हीच या संशोधनाची पहिली कसोटी होय.