भेग बुजली, रोगाचे काय?

भेगेत ग्राउट भरले की बंदराचा धक्का पुन्हा धडधाकट झाला, असे आपण सहज म्हणून जातो. आम्हीही विद्यार्थ्यांना ग्राउटिंग समजावताना किडलेल्या दातात सिमेंट भरण्याचे उदाहरण देत आलो. ते अर्धेच दिले जाते, ही आमची तक्रार आहे आणि ती आधी स्वतःविरुद्ध आहे. दंतवैद्य आधी कीड कोरून काढतो, मग सिमेंट भरतो.

ग्राउटिंगचा आरंभ बंदरातच झाला. फ्रान्समधील दिएप बंदरात भरतीचे पाणी अडवून ते ओहोटीला सोडत व त्या लोंढ्याने गाळ धुऊन काढत. या जलद्वाराच्या पायाखाली पोकळ्या पडल्या. १८०२ साली शार्ल बेरिन्यी या अभियंत्याने चिकणमाती व चुना यांचा पातळ घोळ त्या पोकळ्यांत पंपाने दाबून भरला. तेथे पोकळी हाच रोग होता. म्हणून ती भरणे हा उपाय ठरला.

सळ्या घातलेल्या काँक्रीटची गोष्ट वेगळी आहे. काँक्रीटमधील द्रवाचा सामू १२.५ च्या वर असतो. त्यामुळे सळ्यांवर ऑक्साइडचा पातळ संरक्षक थर टिकतो. समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड आयन सूक्ष्म छिद्रांतून आत पोचले की हा थर तुटतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून तडकते. जेथे लाटांचे तुषार उडतात तेथे क्षार, ओल व हवा तिन्ही मिळतात. तेथे हानी सर्वाधिक. येथे भेग हा रोग नसून लक्षण आहे.

नुसती भेग भरली तर क्लोराइड आतच राहते. गंजलेला तुकडा काढून तेवढ्यापुरते नवे काँक्रीट भरले, तरी प्रश्न उरतो. पूर्वी गंजणारा भाग धनाग्र होता व तो शेजारच्या सळीला वाचवत होता. दुरुस्तीनंतर क्लोराइडने भरलेला तो शेजारच धनाग्र बनतो आणि ठिगळाच्या कडेने नवी भेग उमटते. म्हणून दूषित काँक्रीट पुरेसे काढणे, सळ्या स्वच्छ करणे आणि गरजेप्रमाणे विद्युत्-रासायनिक संरक्षण देणे, ही कामे आधी येतात. ती खर्चाची व वेळखाऊ असतात. भेग बुजवणे स्वस्त असते आणि लगेच डोळ्यांना दिसते. मोह पडतो तो येथेच.

ग्राउटिंग निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणत नाही. दगडी भिंतीतील पोकळ्यांसाठी ते उत्तम आहे. मात्र त्याच्याही मर्यादा आहेत. एका पेल्यात खडी व दुसऱ्यात बारीक वाळू घेऊन दोन्हींवर सिमेंटचा पातळ घोळ ओतावा. खडीत तो तळापर्यंत उतरतो. वाळूवर सिमेंटचे कण गाळले जाऊन वरच साचतात. अरुंद भेगांसाठी एपॉक्सी का वापरतात, हे मग सांगावे लागत नाही.

प्रयोगानंतर मुलांना एवढेच विचारावे : भेग कशाने भरावी हे कळले, पण ती पडली कशाने?